कर नाही त्याला

भिंगमास्तरांच्या पुढे उभ्या असलेल्या लेथवाल्यानं बटण दाबलं आणि दिवा लाल लागला. यात नवल काहीच नव्हतं. कारखान्याच्या फाटकावरच्या त्या यंत्राला रोज संध्याकाळी साडेपाचला दोनशेच्या वर अंगठे लागायचे आणि त्यातले कुठलेही दहा-बारा, चिठ्ठी उचलल्यासारखे, लाल निघायचे. लाल निघाला की बाजूच्या खोलीत जायचं, पडद्याआड कपडे उतरवायचे, अंगावर कुठे चांदी दडवलेली नाही एवढं दाखवायचं आणि शर्टाची बटणं लावत घरी जायचं. बायकांची खोली वेगळी, तिथे बाईच तपासायला. लेथवाला 'आज आपला नंबर' म्हणत हसत आत गेलासुद्धा. पण मास्तरांना क्षणभर समोरचं फाटक दिसेना. आता त्यांची पाळी होती. मागून कुणीतरी 'चला मास्तर' म्हणालं. त्यांनी अंगठा पुढे केला आणि नेमकं तेव्हाच त्यांना खाली ओलं, ऊबदार वाटलं. थेंब-दोन थेंब नव्हे, चांगलंच. अंगठा बटणावर, डोळे दिव्यावर आणि सगळा जीव पँटच्या आत, अशा अवस्थेत ते किती वेळ उभे होते कोण जाणे. दिवा हिरवा लागला. वॉचमननं हात हलवला. मास्तर चालू लागले, ते कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत थांबले नाहीत.

विजेच्या मोठमोठ्या स्विचांमध्ये धातूचे दोन तुकडे जिथे एकमेकांना टेकतात तिथे चांदीचा एक इवलासा दाणा बसवलेला असतो. ते दाणे या कारखान्यात बनत. मास्तर तपासणीच्या टेबलावर. डोळ्याला भिंग लावायचं आणि दिवसभर दाणे बघायचे; चीर गेलेला, कड उडालेला दाणा चिमट्यानं बाजूला टाकायचा. एकतीस वर्षं हेच. म्हणून ते भिंगमास्तर, आणि खरं नाव कधी कुणी मोठ्यानं वाचलं तर त्यांचं त्यांनाच दचकायला व्हायचं. निवृत्तीला चार आठवडे उरले होते. शनिवार धरून चोवीस संध्याकाळी. पाच महिन्यांपूर्वी त्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं होतं. गाठ वाईट होती, निघाली, जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, लघवीवरचा ताबा येईल हळूहळू, काहींना लवकर येतो, काहींना वेळ लागतो. मास्तर दुसऱ्या जातीतले निघाले. कारखान्यात त्यांनी हर्निया सांगितला होता. हर्निया कसा चारचौघांत सांगण्यासारखा आजार. ओझं उचलून होतो, त्यात थोडी मर्दुमकी आहे. पण हे? त्यांनी पँटी दोन इंच ढगळ शिवून घेतल्या आणि आत डायपर लावून कामाला येऊ लागले. बायको ती पाकिटं वर्तमानपत्रात गुंडाळून आणायची. एकदा म्हणाली, 'अहो, घरात बाळ असतं तर हीच पाकिटं मी मिरवत आणली असती.' ती हसवायला बोलली होती. मास्तर हसले नाहीत. आपल्या मुलीलाही त्यांनी कळू दिलं नव्हतं. ज्या पोरीला आपण पुसून, पावडर लावून, दुपट्यात गुंडाळलं तिनं आता आपल्याकडे त्या नजरेनं बघावं, हे त्यांच्या मनात येई आणि ते उठून दुसऱ्याच खोलीत जात.

आणि यातली गंमत, म्हणजे रडावं अशी गंमत, ही की ते यंत्र मास्तरांनीच आणवलं होतं. आठ वर्षांपूर्वी यंत्र नव्हतं, वॉचमनचं बोट होतं. ते बोट कुणाकडे वळायचं ते सगळ्यांना पाठ झालं होतं. झाडूवाल्यांकडे, हमालांकडे, ज्याच्या चपलेचा अंगठा तुटलाय त्याच्याकडे. इस्त्रीच्या कॉलरपाशी ते बोट कधी थांबलं नाही. एकदा एका हमालाला त्यानं एकाच आठवड्यात तीनदा उघडं केलं, तेव्हा तो धडधाकट माणूस फाटकाबाहेर फूटपाथवर बसून हमसून हमसून रडला होता आणि लोक वळसा घालून जात होते. मास्तर तेव्हा कामगारांच्या कमिटीत. ते मीटिंगमध्ये उभे राहिले. त्यांना बोलता येत असे. ते म्हणाले, झडती वाईट नाही, निवड वाईट आहे; माणूस बोट दाखवतो तेव्हा अपमान होतो, यंत्राला चेहरे दिसत नाहीत. बटण सगळ्यांना सारखं, आणि खोलीत वॉचमननं वेडंवाकडं करू नये म्हणून आपल्यातलाच एक माणूस आत साक्षीदार, आठवड्याची पाळी लावून. सगळ्यात मागे बसलेल्या भट्टीवाल्यानं तेवढं विचारलं होतं, की कुणाचं काही दाखवण्यासारखं नसलं तर? मास्तर म्हणाले, 'कर नाही त्याला डर कशाला?' सगळे हसले, टाळ्या पडल्या. म्हणी ज्यांनी केल्या त्यांचं काय जातं. त्यांना फाटकातून थोडंच जायचं होतं. मोटारीतून जाणाऱ्या साहेबांचं फाटक मागच्या बाजूला होतं आणि तिथे बटण बसवायचं राहूनच गेलं, पण त्या टाळ्या मास्तरांनी पुढे कितीतरी दिवस जपून ठेवल्या होत्या.

पहिल्या आठवड्याचे साक्षीदार अर्थात मास्तरच. आणि पहिल्याच आठवड्यात तो भट्टीवाला लाल निघाला. ट्यूबलाइटखाली त्यानं शर्ट काढला, पँट काढली आणि मग पटकन डाव्या मांडीवर पंजा ठेवला. आतल्या चड्डीला तिथे ठिगळ होतं, फुलाफुलांच्या कापडाचं, कुठल्यातरी लहान मुलीच्या फ्रॉकचं. वॉचमन म्हणाला, हात काढा. त्यानं काढला. मास्तरांनी सभ्यपणानं नजर भिंतीकडे वळवली, तिथे विजेचं एक बटण होतं, त्याच्याकडे बघत राहिले आणि मग वहीत सही केली. बाहेर आल्यावर त्यांना वाटलं होतं की हा आता आभार मानेल. भट्टीवाला शांतपणे म्हणाला, 'मास्तर, तुम्ही नसतात तर बरं झालं असतं. वॉचमन काय, परका माणूस, त्याला मी आणि दुसरा सारखाच. तुमच्यासमोर मला उद्या डबा उघडून बसायचंय.' तेव्हा मास्तरांना राग आला होता. करायला जावं भलं आणि ऐकून घ्यावं हे, असं ते घरी बायकोला म्हणालेसुद्धा होते. भट्टीवाला त्यानंतर निवृत्त होईपर्यंत भट्टीपाशी एकटा बसून जेवला. आता, आठ वर्षांनी, फाटकाच्या रांगेत ओले होऊन उभे असताना मास्तरांना त्याचं ते वाक्य शब्दाला शब्द कळलं होतं. वॉचमननं बघितलं असतं तर काय, त्यानं असली शंभर शरीरं बघितलीत. भीती होती ती पडद्याच्या आतल्या बाजूला, वही घेऊन उभ्या असलेल्या ओळखीच्या माणसाची.

आणि सूचनाफलकावर लावलेल्या पाळ्यांत पुढचे चार आठवडे कुणाचं नाव होतं, तर बडबड्याचं. एक साक्षीदार आजारी पडला तेव्हा त्याच्याबरोबर पुढच्यांचेही आठवडे त्यानं हौसेनं मागून घेतले होते. बडबड्या पॅकिंगमधला, मनानं सोन्यासारखा, पण तोंडात तीळ भिजायचा नाही. कुणाच्या सुनेनं माहेर गाठलं, कुणाच्या पोराचा निकाल लागला नाही, हे त्या घरात कळायच्या आधी पॅकिंगमध्ये कळायचं. एकोणीस वर्षं तो जेवायला मास्तरांच्या समोर बसत आला होता आणि त्याच्या गोष्टींना मास्तर पोट धरून हसत आले होते. आता त्यांना स्वतःची गोष्ट त्याच्या तोंडून ऐकू यायची, सुरुवातीपासून, त्याच्या हातवाऱ्यांसकट. 'अरे, आपले भिंगमास्तर...' इथे तो थांबणार, पाणी पिणार, सगळ्यांना जवळ बोलावणार. मास्तर हातातला चिमटा खाली ठेवत आणि तळहात पँटला पुसत.

लोकांनी त्या यंत्राचे स्वभाव शोधून काढले होते. कुणी म्हणे डाव्या अंगठ्याला ते लाल देत नाही, कुणी म्हणे लालनंतर लगेच लाल येत नाही, म्हणून लाल निघालेल्याच्या मागे उभं राहायला ढकलाढकली व्हायची. मास्तर या गोष्टींना हसत असत, यंत्र कसं चालतं ते त्यांनी स्वतः कंपनीच्या माणसाकडून समजून घेतलं होतं. आता तेच मास्तर डावा अंगठा लावू लागले. दुपारी बारानंतर त्यांनी पाणी तोंडाला लावणं सोडलं. चार वाजता जीभ टाळूला चिकटायची, साडेचारला कानात भणभण सुरू व्हायची, तरी पाचला मोरीत जाऊन ते आतलं बदलून यायचे आणि दाराची कडी दोनदा तपासायचे. एका दुपारी भिंगाखालचे दाणे पोहायला लागले. त्यांनी डोळे मिटले, उघडले, आणि समोरचा अख्खा ट्रे न बघता पुढे सरकवून दिला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. कुणाच्या लक्षात आलं नाही. ट्रे निघून गेल्यावर मात्र त्यांना घाम फुटला, कारण हे लपवायचं आहे हे मनाला इतक्या सहज ठरवता आलं होतं.

बायकोनं त्यांचे सुकलेले ओठ बघितले आणि तिनं ताट बाजूला सारलं. ती म्हणाली, 'सांगा ना ऑफिसात. खाणार आहेत का तुम्हाला? माणसंच आहेत ती.' मग जरा वेळानं, भांडी आवरता आवरता, 'नाहीतर मी येऊन सांगते.' हे ऐकल्यावर मास्तर दुसऱ्याच दिवशी गेले. कर्मचाऱ्यांचं बघणारी साहेबीण त्यांच्या मुलीच्या वयाची होती. मास्तरांनी हर्नियापासून सुरुवात केली, मग हर्निया नव्हता म्हणाले, मग टेबलावरच्या टाचण्यांच्या डबीकडे बघत उरलेलं सांगितलं. ती हसली नाही, नाक मुरडलं नाही, तिनं दारसुद्धा आपणहून लावून घेतलं. 'काका, आधीच सांगायचं ना,' ती म्हणाली. खरोखर चांगली मुलगी. तिनं तिथल्या तिथे एक पिवळं कार्ड बनवून दिलं: या कर्मचाऱ्यास बटणातून सूट आहे. कारण लिहिलं नाही, मुद्दामच. 'कुणालाच कळणार नाही,' ती म्हणाली, आणि मास्तरांना तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला. त्या दिवशी ते दुपारी दोन ग्लास पाणी प्यायले. संध्याकाळी वॉचमननं कार्ड उलटसुलट केलं, बाजूचं छोटं दार उघडलं, आणि मास्तर रांगेला वळसा घालून सगळ्यांच्या देखत बाहेर पडले. दोनशे माणसं उभी होती. कारण लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे ते ज्याचं त्यानं मनात लिहिलं.

पहिले दोन दिवस चेष्टा झाली. 'मास्तर आता साहेब झाले,' वगैरे. तिसऱ्या दिवशी रांगेतली झाडूवाली बाई, जी यंत्राच्या आधी वॉचमनच्या बोटाला सगळ्यात जास्त सापडायची, ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, 'यंत्र तुमचं, सूटही तुमचीच.' तिच्या आवाजात राग नव्हता, आपल्याला हे माहीतच होतं असा सूर होता, आणि तो मास्तरांना जास्त लागला. मग महिनाअखेरीचं वजन झालं. तपासणीतून पॅकिंगकडे जाताना दाणे पाव किलोनं कमी भरले. असं पूर्वीही व्हायचं. भट्टीच्या धुळीत, झाडणीत, कुठेतरी काही निघायचं, काही निघायचं नाही. पण या वेळी कुणी धुळीत शोधलं नाही. मास्तर जेवायला बसले तेव्हा बाकावर त्यांच्या दोन्ही बाजूंना जागा होती. बडबड्या समोर बसला होता, पण तोही हवेबद्दल बोलत होता. कुणी चोर म्हणालं नाही. म्हणालं असतं तर मास्तर उठून भांडले असते, तोंड त्यांना होतंच. लोक फक्त जपून बोलू लागले, आणि जपून बोलणाऱ्या माणसांत बसून घास गिळणं म्हणजे काय हे त्यांना त्या दुपारी समजलं. साहेबिणीनं बोलावून सांगितलं, 'काका, तुमच्यावर कुणाचाही संशय नाही.' हे तिनं दोनदा सांगितलं. एकदा सांगितलं असतं तर मास्तरांनी विश्वास ठेवला असता.

एकतीस वर्षांत त्यांनी एक दाणासुद्धा नखात घरी नेला नव्हता. एकदा खरंच एक दाणा बुटाच्या टाचेत अडकून आला होता, तर ते उलट पावली चालत जाऊन तो देऊन आले होते आणि बायको हसली होती. ही त्यांची एवढीच पुंजी. ती आता जाणार, किंवा पँटच्या आत झाकलेलं गुपित जाणार. दोन्ही राखायला वाटच नव्हती. रस्त्यानं चालताना ते एकदा हे झाकत, एकदा ते, आणि दोन्हींकडून उघडे पडत. चोर म्हणून निवृत्त व्हावं आणि कोरडं असल्याचं सोंग अखेरपर्यंत राखावं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. त्यांनी त्या विचारावर खरंच बराच वेळ विचार केला. निवृत्तीनंतर ही माणसं कुठे भेटणार आहेत? पण बाजारात भेटतील, दवाखान्यात भेटतील, मेल्यावर खांदा द्यायला येतील आणि तेव्हाही जपून बोलतील.

निवृत्तीला सात संध्याकाळी राहिल्या असताना त्यांनी पिवळं कार्ड साहेबिणीच्या टेबलावर ठेवलं आणि रांगेत उभे राहिले. पुढच्यानं मागे वळून बघितलं, त्याच्या पुढच्यानंही. बडबड्या खोलीच्या दाराशी वही घेऊन उभा होता. मास्तरांनी उजवा अंगठा लावला. हिरवा. मागे कुणीतरी खोकलं. आता काय करायचं? हिरव्यानं काहीच सिद्ध होत नव्हतं. ते वॉचमनला म्हणाले, मला तपासा. वॉचमन म्हणाला, नियम नाही मास्तर, तुमचाच नियम आहे. दुसऱ्या दिवशी हिरवा. तिसऱ्या दिवशी हिरवा, आणि मागून कुजबुज ऐकू आली की यंत्रसुद्धा त्यांना ओळखतं. ज्या दिव्याच्या भीतीनं त्यांनी पाणी सोडलं होतं तो दिवा लागावा म्हणून ते आता रात्रंदिवस झुरत होते, आणि तो लागला तर काय होईल या विचारानं हातपाय गारही पडत होते. एकाच माणसाला दोन्ही बाजूंनी इतकी भीती वाटू शकते हे त्यांना ठाऊक नव्हतं.

पाचव्या संध्याकाळी लाल लागला. खोलीत ट्यूबलाइट तशीच होती. त्यांनी शर्ट काढला, घडी घालून खुर्चीवर ठेवला. पँटचा पट्टा सुटेना. एकतीस वर्षं मुगाएवढे दाणे चिमट्यात धरणाऱ्या बोटांना. पँट खाली गेली. वॉचमननं बघितलं आणि एक पाऊल मागे सरला. 'बस बस, मास्तर, घाला,' तो म्हणाला. मास्तरांना तिथेच थांबता आलं असतं. पण असल्या जागी तर अर्धा किलो लपेल, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं? ते म्हणाले, 'नीट बघा.' आणि त्यांनी ते सोडलं, भरलेलं होतं, टेबलावर ठेवलं, आणि सगळीकडून बोटांनी दाबून दाखवलं. वास सुटला. वॉचमननं मान फिरवली. बडबड्या मात्र बघत होता, शेवटपर्यंत, आणि त्याचे डोळे भरून आले होते. त्यानं सही केली. मास्तर कपडे घालीपर्यंत तो उभा राहिला, मग जवळ आला आणि हळूच म्हणाला, 'मास्तर, जीव गेला तरी हे माझ्या तोंडून बाहेर पडणार नाही.'

मास्तर म्हणाले, 'अरे, सांग. सगळ्यांना सांग.'

'छे,' बडबड्या म्हणाला, 'मी काय तसला वाटलो का तुम्हाला?' आणि वही काखेत मारून तो बाहेर गेला.

पडद्याआडून मास्तरांना सगळं दिसलं. रांग थांबलेली होती. कुणीतरी विचारलं, काय रे, काय निघालं? बडबड्यानं मान खाली घातली आणि न बोलता भिंतीशी जाऊन उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा बडबड्याला बोलायला काही नव्हतं. रांगेतल्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांना जे समजायचं ते समजलं होतं. लेथवाल्यानं तर अगदी खऱ्या दुःखानं मान हलवली, एकतीस वर्षं, असं काहीतरी पुटपुटला. मास्तरांना वाटलं, धावत जाऊन बडबड्याचं तोंड दोन्ही हातांनी उघडावं. मग त्यांना वाटलं, आतच राहावं, फाटक बंद होईपर्यंत. मग ते बाहेर आले.

पायरीवर ते उभे राहिले. पूर्वी ते असेच उभे राहत, कमिटीत, आणि शब्द आपोआप येत. आता एकेक शब्द शोधावा लागत होता. ते म्हणाले, 'काही निघालं नाही. माझं ऑपरेशन झालंय. मला लघवी धरवत नाही. मी आत डायपर लावतो, पोरं लावतात तसला. पाच महिने झाले. तेवढंच होतं आत.'

कुणी हसलं नाही. हसले असते तर सोपं गेलं असतं. हसणाऱ्याचा राग तरी करता येतो. दोनशे माणसं बघत होती आणि त्यांतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत मास्तर स्वतःला उभे दिसत होते, पँटसकट आणि पँटशिवाय. भीती कुठेच गेली नव्हती. सांगून टाकलं की हलकं वाटतं म्हणतात, त्यांना तसं काही वाटलं नाही. एवढं बोलल्यावर माणूस पायऱ्या कशा उतरतो तेही त्यांना आठवेना. पाळी झाडूवाल्या बाईची होती. तिचा अंगठा बटणापाशी होता.

'चला, दाबा,' वॉचमन म्हणाला.

तिनं हात खाली घेतला. 'थांब की जरा,' ती म्हणाली. 'माणूस बोलतोय.'

मास्तरांचं तर बोलून झालं होतं. तरी ते तिथेच उभे राहिले, आणि रांगही.